एवढे दिवस गप्प का होती, हे तिला नका विचारू

गेले दहा-बारा दिवस आपल्या गावात एकच विषय चाललाय. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर विचारूच नका. एका संस्थेतल्या महिला कर्मचाऱ्यानं आपल्या वरिष्ठाविरुद्ध लेखी तक्रार दिली आहे. संस्था कुठली, बाई कोण, साहेब कोण, हे मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. ज्यांना नाही, त्यांनी शोधूही नये. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १६ सांगतं की तक्रारदार बाई, ज्याच्यावर आरोप आहे तो माणूस, साक्षीदार, यांची नावं आणि तक्रारीतला मजकूर बाहेर फोडायचा नाही. तरी आपल्या ग्रुपवर तिच्या अर्जाचा फोटो फिरतोय. फिरवणाऱ्यांत शिकलेली, पांढरपेशी, रोज सकाळी सुविचार टाकणारी मंडळी आहेत. त्यांना आधी एवढंच सांगते, तो फोटो डिलीट करा.

तक्रार खरी की खोटी, ते समिती ठरवेल. मी त्यावर एक शब्दही बोलणार नाही. मला बोलायचंय ते एका वाक्याबद्दल. या दहा दिवसांत ते मी किमान पन्नास तोंडांतून ऐकलं. बायकांच्याही तोंडून ऐकलं.

"दोन वर्षं काय झोपली होती का?"

विचारणाऱ्याला वाटतं, आपण फार बिनतोड मुद्दा काढला. खरं असतं तर लगेच नसती का बोलली? उशिरा बोलली म्हणजे काहीतरी हेतू आहे. प्रमोशन नाकारलं असेल. कुणीतरी फूस लावली असेल. संस्थेची निवडणूक तोंडावर आलीय ना!

मी एका साखर कारखान्याच्या अकाउंट्स खात्यात अठ्ठावीस वर्षं काढली. आता दोन ठिकाणी तक्रार समितीवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. त्यामुळे हा प्रश्न मला हिशेबाच्या भाषेतच कळतो. बाई लगेच बोलत नाही, कारण ती हिशेब करत असते. तिचा हिशेब चुकीचा नसतो. आपण तिला जे दर लावून ठेवलेत, ते भयंकर असतात.

बघा, हिशेब कसा होतो. समजा एका पतसंस्थेत, दवाखान्यात किंवा खासगी शाळेत एक बाई बारा हजारांवर काम करते. नवऱ्याचं काम हंगामी. मुलगी अकरावीत, क्लासची फी अर्धी भरलीय. बचत गटाचा हप्ता चालू. साहेब रोज काहीतरी बोलतो, केबिनमध्ये थांबवून घेतो, फाइल देताना हात धरतो. आता तिनं तक्रार केली, तर नावे बाजूला काय काय पडतं? नोकरी जाऊ शकते. कायम होण्याचा कागद अडकू शकतो. गाव लहान आहे, म्हणजे इथून काढलं तर दुसरीकडे घेणारा पहिला फोन इथेच करणार. घरी कळलं तर "उद्यापासून जायचं नाही" असा हुकूम निघू शकतो. म्हणजे छळ साहेबानं केला आणि नोकरी घरच्यांनी सोडायला लावली. मुलीच्या स्थळाच्या वेळी "तिची आई ती केसवाली ना" हे ऐकावं लागतं. नातेवाईक, शेजारी, सहकारी, सगळे चार हात लांब होतात.

आणि जमा बाजूला? एक समिती, जी कागदावर आहे की खरी आहे ते माहीत नाही. एक चौकशी, जी कधी संपेल सांगता येत नाही. आणि एक समाधान, की आपण बोललो.

हा हिशेब डोळ्यांसमोर असताना जी बाई दोन वर्षं थांबते, तिला तुम्ही झोपलेली म्हणता? ती रोज रात्री जागी होती हो.

बरं, "लगेच बोलायचं" म्हणणाऱ्यांनी कधी पाहिलंय का, लगेच बोलणाऱ्यांचं काय झालं?

१९८८ साली चंदीगडमध्ये रूपन देओल बजाज यांनी पंजाबचे तेव्हाचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांच्याविरुद्ध तक्रार केली. बाई स्वतः वरिष्ठ आयएएस अधिकारी. प्रकार घडला भर पार्टीत, चार लोकांच्या देखत. त्यांनी काही दिवसांतच तक्रार दिली. म्हणजे आपल्या कट्ट्यावरच्या वकिलांना हवं तसंच सगळं: तत्काळ, लेखी, साक्षीदारांसह. काय झालं? उच्च न्यायालयानं तक्रारच रद्द केली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती परत उभी केली. १९९६ मध्ये शिक्षा झाली आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोषसिद्धी कायम केली. सतरा वर्षं. आणि ही आयएएस अधिकारी. पतसंस्थेतल्या क्लार्कनं किती वर्षं धरून चालायचं, तुम्हीच सांगा.

दुसरं नाव भंवरीदेवींचं. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात त्या 'साथिन' म्हणून काम करत. बालविवाह रोखणं हे त्यांचं कामच होतं. ते केलं म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या गप्प बसल्या नाहीत, तक्रार केली. १९९५ मध्ये खालच्या कोर्टात बलात्काराच्या आरोपातून सगळे आरोपी सुटले. त्यांच्यावरच्या अन्यायातून महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल आला, आणि त्यातूनच पुढे २०१३ चा कायदा झाला. आज देशातल्या प्रत्येक ऑफिसात जी समिती असायला हवी, ती या बाईच्या बोलण्यामुळे. तिच्या वाट्याला मात्र न्याय आला नाही.

म्हणजे लगेच बोलून दाखवलेल्या दोन बायकांची ही गत. हे बघितल्यावर तिसरीनं विचार करायला वेळ घेतला, तर तो तिचा शहाणपणा.

आता उशीर नेमका कुणाचा असतो, त्याचं एक उदाहरण. केरळात मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या बायकांच्या परिस्थितीचा अभ्यास करायला २०१७ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली. बायका समितीसमोर गेल्या, बोलल्या. २०१९ च्या डिसेंबरअखेर अहवाल सरकारला दिला. तो लोकांसमोर कधी आला? ऑगस्ट २०२४ मध्ये. तोही काही भाग झाकून. बायका बोलल्या होत्या आणि कागद साडेचार वर्षं कपाटात होता. तेव्हा कुणी सरकारला विचारलं का, "एवढे दिवस झोपला होता का?"

समितीवर बसून मला एक गोष्ट शिकायला मिळाली, ती सांगते. कुणाची ओळख पटेल असं काही सांगणार नाही. बायका तक्रार घेऊन कधी येतात, याचा एक ठरावीक नमुना आहे. घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला की येतात. कायम झाल्याची ऑर्डर हातात पडली की येतात. मुलगा नोकरीला लागला की येतात. साहेबाची बदली झाली, किंवा स्वतःची झाली, की येतात. म्हणजे ज्या दिवशी नावे बाजू थोडी हलकी होते, त्या दिवशी. याला तुम्ही 'हेतू' म्हणता. हो, हेतू आहेच. आपलं घर न बुडवता खरं बोलायचं, हा हेतू.

आणि सगळ्यात जास्त वेळा केव्हा येतात, माहीत आहे? जेव्हा त्याच साहेबाच्या हाताखाली नवी मुलगी येते. बावीस-तेवीस वर्षांची, पहिली नोकरी, वडील एसटी स्टँडवर सोडायला आलेले. जुन्या बाईनं स्वतःवरचं सगळं गिळलेलं असतं. पण त्या पोरीला केबिनमध्ये बोलावल्याचं बघितलं की तिला ते गिळणं जमत नाही. "माझं झालं ते झालं हो ताई, हिचं नको," हे वाक्य मी एकापेक्षा जास्त बायकांकडून ऐकलंय. अशा बाईला आपण म्हणतो, कुणीतरी फूस लावली असणार!

आता थोडं उलट बाजूनं. कारण "बाई म्हणते म्हणजे खरंच" एवढं म्हणून विषय संपत नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. उशिरा आलेल्या तक्रारीत पुरावा मिळणं अवघड होतं. सीसीटीव्हीचं फुटेज राहत नाही, साक्षीदार नोकरी सोडून गेलेले असतात, तारखा आठवत नाहीत. ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही आपली बाजू मांडणं कठीण जातं. हा आक्षेप रास्त आहे. मी समितीवर बसते तेव्हा दोन्ही बाजूंचे कागद तेवढ्याच काळजीनं वाचते. आपल्या शेजारच्या गोव्याचंच उदाहरण घ्या. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये सांगितलं की समितीनं चौकशी अति घाईनं उरकली, बचावाची पुरेशी संधी दिली नाही. प्रकरण परत पाठवलं. त्याच निकालात न्यायालयानं हेही सांगितलं की इतक्या वर्षांनंतरही कायद्याची अंमलबजावणी गंभीरपणे होत नाही, ठिकठिकाणी समित्याच नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच निकालात आहेत. समिती नीट चालली नाही तर बाईचंही नुकसान होतं आणि पुरुषाचंही.

तेव्हा उशीर हा पुरावा तोलताना विचारात घ्यायचा मुद्दा आहे, जरूर घ्या. पण उशीर म्हणजेच खोटेपणा, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? आणि तुम्हाला खरंच वाटतं ना की बायकांनी वेळेत बोलावं, मग वेळेत बोलणं स्वस्त करा. बोललं की नोकरी जाणार, ही भीती संपवा. मग बघा, किती लवकर बोलतात.

कायद्याचीही इथे गोची आहे, ती माझ्या मैत्रिणींनो, नीट समजून घ्या. या कायद्याखाली तक्रार प्रकार घडल्यापासून तीन महिन्यांत द्यायची असते. सलग प्रकार चालू असतील तर शेवटच्या प्रकारापासून तीन महिने. उशिराचं कारण पटलं तर समिती लेखी नोंद करून आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. पुढे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठाच्या कुलगुरूंविरुद्धचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. घटना एप्रिल २०२३ ची, तक्रार डिसेंबर २०२३ ची. मुदत उलटली म्हणून तक्रार फेटाळली गेली ती गेलीच. पण न्यायालयानं सांगितलं की हा निकाल त्या कुलगुरूंच्या बायोडेटाचा भाग करा. म्हणजे न्यायाधीशांनाही कुठेतरी टोचलं असणार. तरी मुदत ती मुदत.

तीन महिने! बारा हजारांच्या नोकरीवर घर चालवणाऱ्या बाईला स्वतःशी कबूल करायलाच तीन महिने लागतात की हे आपण समजतोय तसंच आहे, आपला गैरसमज नाही. माझं स्पष्ट मत आहे, ही मुदत अन्यायाची आहे आणि ती बदलायला हवी. पण बदलेपर्यंत ती आहे. म्हणून आपल्या गावच्या विद्वानांनी हेही लक्षात घ्यावं की "दोन वर्षं" हा आकडा हवेत फेकून उपयोग नाही. शेवटचा प्रकार कधीचा, हे समिती बघेल. पोलिसांकडे जायची वाट वेगळी, तिची मुदत वेगळी. आणि जाहीरपणे बोलण्याचं म्हणाल, तर एम. जे. अकबर यांनी प्रिया रमाणींवर केलेल्या बदनामीच्या खटल्यात दिल्लीच्या न्यायालयानं १७ फेब्रुवारी २०२१ ला रमाणींना निर्दोष सोडलं. बाईला आपलं गाऱ्हाणं कित्येक वर्षांनीसुद्धा, तिला योग्य वाटेल त्या ठिकाणी मांडायचा हक्क आहे, असं त्या निकालात म्हटलंय. त्या माजी केंद्रीय मंत्र्यासमोर उभ्या होत्या. तुमच्या ग्रुप ॲडमिनसमोर नाही.

आता 'कसं' बोलायचं, यावरूनही आपल्याकडे फार ज्ञान पाजळतात. रडली तर नाटक. चिडली तर उर्मट. शांतपणे बोलली तर "एवढं झालं असतं तर इतकी शांत कशी?" लेखी दिलं तर संस्थेची बदनामी. तोंडी सांगितलं तर पुरावा काय? निनावी दिलं तर भ्याड. नावानिशी दिलं तर प्रसिद्धीची हाव. मग ती बोलणार कशी, एवढं सांगा ना!

निनावीवरून आठवलं. १८८५ मध्ये रखमाबाईंनी बालविवाहावर 'टाइम्स ऑफ इंडिया'त पत्रं लिहिली ती 'अ हिंदू लेडी' या टोपणनावानं. त्याच सुमाराला कोर्टात त्यांचा खटला चालू होता, अख्खी मुंबई त्यांच्याबद्दल बोलत होती. कुठे नाव लावायचं आणि कुठे नाही, हे त्यांनी स्वतः ठरवलं. पुढे डॉक्टर होऊन त्यांनी कित्येक वर्षं बायकांवर उपचार केले. आज कुणी त्यांना भ्याड म्हणेल? तेव्हा निनावी चिठ्ठी आली की हस्ताक्षर जुळवत बसणाऱ्या व्यवस्थापकांनी जरा दमानं घ्यावं. चिठ्ठी कुणी लिहिली यापेक्षा चिठ्ठीत काय लिहिलंय ते बघावं.

आणि बोलण्याचा विषय फक्त छळाचाच असतो असंही नाही. आपल्या मेन रोडवरच्या कापड दुकानांत जाऊन बघा. दहा-दहा तास पोरी उभ्या. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही. संडासची सोय नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत. मुतखडा, लघवीची जळजळ, पाय सुजणं, हे त्यांच्या नोकरीचे न लिहिलेले भत्ते. यातली एकटी मालकाला म्हणाली की "शेठ, स्टूल द्या," तर उद्या तिच्या जागी दुसरी. केरळात कोझिकोडच्या विजी आणि त्यांच्या 'पेणकूट्ट' या संघटनेनं नेमका हाच प्रश्न उचलला. कापड दुकानातल्या बायकांना बसायचा हक्क पाहिजे, संडास पाहिजे. लोक हसले असतील. पण २०१८ मध्ये केरळनं दुकानांचा कायदा बदलला आणि बसायची सोय देणं मालकांवर बंधनकारक झालं. २०२१ मध्ये तमिळनाडूनंही केला. स्टुलासाठी कायदा करावा लागला! आणि तो झाला कारण बायका एकेकट्या नाही, मिळून बोलल्या.

आपल्या आशाताईंचंही तेच. एकटीनं पीएचसीत तक्रार केली असती तर "काम करायचं नसेल तर सोडा" एवढंच ऐकलं असतं. संघटनेतून उतरल्या, २०२४ च्या सुरुवातीला मुंबईत आझाद मैदानावर ठाण मांडलं, आणि मार्चमध्ये राज्य सरकारनं महिन्याला ५,००० रुपयांची वाढ मान्य केली. आता तेव्हाच का बसल्या, आधी का नाही? कारण आधी गावोगाव बैठका झाल्या, एकमेकींना धीर दिला, निवडणुका जवळ आल्या होत्या. वेळ बघून बोलल्या. पुरुषांनी वेळ साधली की ती मुत्सद्देगिरी, बाईनं साधली की ते कारस्थान. हे कसं?

आणि जिथे बोलायला जागाच नाही, तिथलं काय? आपल्या डोळ्यांदेखत दर दिवाळीनंतर बीडकडच्या टोळ्या ऊसतोडीला येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर. बाईचं नाव कुठल्याच कागदावर नाही. खाडा झाला तर पैसे कापणार, मग पाळी असो, ताप असो, बाळंतपण असो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. त्या बाईनं मुकादमाविरुद्ध बोलायचं तर कुणाकडे? कारखाना म्हणतो आमची कामगार नाही. मुकादम म्हणतो माझा व्यवहार नवऱ्याशी. मी कारखान्याच्या अकाउंट्सला होते. वाहतूकदाराचं खातं होतं, मुकादमाचं होतं, बैलगाडीचंसुद्धा होतं. त्या बाईचं खातं नव्हतं. तिला कुणी विचारणार का, "एवढे दिवस गप्प का?"

एक गोष्ट आमच्या बाजूच्या, चांगल्या मनाच्या लोकांनाही सांगायची आहे. तुम्ही तिला घाई करता. "तू बोललीच पाहिजेस, तू नाही बोललीस तर दुसऱ्यांचं काय?" असं म्हणता. अहो, पगार तिचा जाणार आहे, तुमचा नाही. तिचं गप्प बसणंही कधी कधी पूर्ण विचारानं घेतलेला निर्णय असतो. तिच्या मागे उभं राहायचं असेल तर "आम्ही साक्ष देऊ" म्हणा, "चार महिन्यांचा घरखर्च आम्ही बघतो" म्हणा. नुसतं "बोल, घाबरतेस काय" म्हणू नका.

तसंच ते ८ मार्चचं. सकाळी गुलाबाचं फूल, दुपारी 'निर्भय व्हा'वर व्याख्यान, संध्याकाळी संगीत खुर्ची. व्याख्यान बायकांना कशाला देता? केबिनमध्ये बसणाऱ्यांना द्या ना. बायकांना बोलता येतं हो. रेशन दुकानदाराशी, रिक्षावाल्याशी, दिराशी, शाळेच्या हेडमास्तरांशी सगळ्यांशी बोलून त्या घर चालवतात. त्या ऑफिसातच गप्प होत असतील तर दोष ऑफिसात आहे.

म्हणून आता प्रश्न बदलू या. "एवढे दिवस गप्प का होती?" हा प्रश्न त्या संस्थेला विचारू. एवढे दिवस तुमच्याकडे समिती होती का? दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ती असायलाच हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा. नेमली नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. सदस्यांची नावं दर्शनी भागात लावली होती का? त्या समितीला वर्षात एकदा तरी बसवलंत का? की तपासणी आली म्हणून मागची तारीख टाकून कागद केला? आणि समितीच्या अध्यक्षा त्याच साहेबांच्या हाताखालच्या तर नाहीत ना? त्या बाईच्या शेजारच्या टेबलावर बसणारे सहा पुरुष, ज्यांना सगळं दिसत होतं, ते दोन वर्षं काय करत होते? झोपले होते का?

आणि ज्या मैत्रिणी हे वाचताना मनातल्या मनात आपला हिशेब करतायत, त्यांच्यासाठी. बोलायचं की नाही, केव्हा, कसं, हे तुमचं तुम्ही ठरवा. कुणाच्या दबावानं नको. पण तोवर एवढं करून ठेवा, म्हणजे वेळ आली की हात रिकामे राहणार नाहीत.

१. काय झालं, कुठे झालं, कोण होतं, हे तारीख-वेळ टाकून त्याच दिवशी लिहून ठेवा. वही घरी ठेवा, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको.

२. मेसेज, कॉलची नोंद पुसू नका. स्क्रीनशॉट काढून विश्वासातल्या एकीकडे पाठवून ठेवा.

३. तीन महिन्यांची मुदत ध्यानात ठेवा. उशीर होणार असेल तर का झाला तेही लिहून ठेवा.

४. ऑफिसात दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याला स्थानिक समिती असते. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. घरकाम करणाऱ्या ताईंनाही तिथे जाता येतं. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे.

५. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. ही रजा तुमच्या नेहमीच्या रजेतून कापत नाहीत.

६. आरोप सिद्ध झाला नाही, एवढ्यावरून तक्रार 'खोटी' ठरत नाही आणि तुमच्यावर कारवाई होत नाही. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. ज्या कुणी "उलट तूच अडकशील" म्हणून घाबरवत असेल, त्याला हे दाखवा.

ती जी बाई आहे, जिच्याबद्दल सगळं गाव बोलतंय, तिला उद्या परत त्याच रस्त्यानं कामावर जायचंय. त्याच टपरीवरून, त्याच नजरांसमोरून. चौकशीचा निकाल काय लागायचा तो लागेल. तोवर आपण सगळ्यांनी मिळून एक काम करू शकतो, तिच्याकडे रोखलेल्या नजरा जरा बाजूला घेऊ शकतो. कारण आपल्या गावातल्या आणखी दहा-वीस बायका आज हे सगळं गप्पपणे बघतायत. हिचं काय होतं ते बघून त्या आपला हिशेब करणार आहेत.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, मी उत्तर देईन. फक्त त्या बाईचं नाव कुणी लिहिलं तर ते मी लगेच उडवणार, आधीच सांगून ठेवते.